जुनी जर्मन मानचिन्हं वाचायची कशी आणि जमवायची कशी

मी जुन्या जर्मन ऑर्डर्स आणि पदकं जमवते असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस जरा थबकतो आणि मग हळूच विचारतो, म्हणजे हिटलरच्या काळातली का? म्हणून ते आधीच सांगून टाकते. माझ्याकडचं जवळजवळ सगळं नोव्हेंबर १९१८ च्या आधीचं आहे, म्हणजे कैसर (जर्मन सम्राट) दुसरा विल्हेल्म गादी सोडून हॉलंडला निघून गेला आणि त्याच्या आगेमागेच जर्मनीतले बाकीचे राजे, ग्रँड ड्यूक, प्रिन्स असे सगळेच पायउतार झाले तिथपर्यंतचं. पुढच्या वर्षी आलेल्या वायमार राज्यघटनेच्या, म्हणजे नव्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेच्या, कलम १०९ मध्ये सरकारनं ऑर्डर आणि मानचिन्हं देऊ नयेत असं चक्क लिहून टाकलं, त्यामुळे तिथं एक सरळ रेघ मारता येते. त्या रेघेच्या आधीचं जग इतकं मोठं आहे की एका जन्मात पुरं होणार नाही.

नोकरीनिमित्त काही वर्षं म्युनिकला होते तेव्हा हा नाद लागला. सुरुवातीला डोकं गरगरतं, कारण काळा क्रॉस, निळा क्रॉस, पांढरा क्रॉस, तलवारी असलेला, नसलेला, मुकुटवाला, बिनमुकुटाचा असं सगळं एकाच टेबलावर मांडलेलं असतं आणि विकणारा फक्त किंमत सांगतो. पण यामागं एक पद्धत आहे, ती एकदा कळली की वस्तू स्वतःच बोलायला लागते. आधी वाचायला शिकायचं आणि मग विकत घ्यायचं, उलटं केलं की पैसे जातात (माझे गेलेत, ते पुढं सांगते).

सगळ्यात पहिला गोंधळ ऑर्डर या शब्दाचा. ऑर्डर म्हणजे ती धातूची वस्तू नाही. ऑर्डर म्हणजे मंडळी, पंथ. आपल्याकडे माणूस माळ घालतो म्हणजे वारकरी होतो, आता माळ ही खूण झाली, संप्रदाय वेगळा, तसंच इथं क्रॉस ही खूण आणि ऑर्डर म्हणजे ज्या मंडळींत तुम्हाला घेतलं ती मंडळी. म्हणूनच जर्मन लोक ऑर्डर आणि पदक यांत काटेकोर फरक करतात. पदक म्हणजे काहीतरी केल्याबद्दल मिळालेलं बक्षीस, ते साध्या शिपायालाही मिळायचं, ऑर्डरमध्ये मात्र तुम्ही सभासद म्हणून दाखल व्हायचात आणि त्यासाठी तुमची पायरी तशी लागायची. लष्करात ऑर्डर साधारणपणे अधिकाऱ्यांसाठी आणि पदकं खालच्या हुद्द्यांसाठी असा सरळ भेद होता. पूर ल मेरीत ही ऑर्डर, जिच्याबद्दल पुढं बोलूच, शिपायाला किंवा सार्जंटला मिळूच शकत नव्हती, त्यांच्यासाठी प्रशियानं, म्हणजे सगळ्यात मोठ्या जर्मन राज्यानं, १८६४ मध्ये सोनेरी मिलिटरी मेरिट क्रॉस काढला आणि लोक त्यालाच शिपायांची पूर ल मेरीत म्हणायचे.

मंडळी ही कल्पना आली धर्मयुद्धांमधून. ११९० मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर अक्रे शहराला वेढा पडलेला असताना उत्तर जर्मनीतल्या व्यापाऱ्यांनी जखमी आणि आजारी लोकांसाठी एक इस्पितळ काढलं, त्यातून ट्युटॉनिक ऑर्डर उभी राहिली. हे लोक अर्धे साधू आणि अर्धे लढवय्ये, अंगावर पांढरा झगा आणि त्यावर काळा क्रॉस. पुढं त्यांनी बाल्टिक समुद्राकाठी प्रशिया जिंकून तिथं स्वतःचं राज्यच थाटलं, आणि १५२५ मध्ये त्यांचाच प्रमुख, होहेनझोलर्न घराण्यातला आल्ब्रेख्त, लुथरच्या पंथाला जाऊन मिळाला आणि ते राज्य त्यानं आपल्या घराण्याचं करून टाकलं. त्याच घराण्यातनं पुढं प्रशियाचे राजे आणि शेवटी जर्मनीचे कैसर झाले. म्हणजे आज जुन्या बाजारात जो काळा आयर्न क्रॉस दिसतो त्याचं मूळ त्या पांढऱ्या झग्यावर आहे. ट्युटॉनिक ऑर्डर स्वतः आजही आहे, व्हिएन्नात तिचं मुख्यालय आहे, पण आता ती निव्वळ धार्मिक संस्था आहे.

नंतरच्या काळात राजांच्या लक्षात आलं की मंडळी स्थापन करून माणसं आपल्याशी बांधून ठेवणं हे जमीन वाटण्यापेक्षा स्वस्त पडतं. याच होहेनझोलर्न घराण्यातल्या ब्रांडेनबुर्गच्या फ्रीडरिखला १७०१ मध्ये प्रशियाचा राजा व्हायचं होतं, तर त्यानं १८ जानेवारीला कोनिग्सबर्गमध्ये स्वतःच्या हातानं डोक्यावर मुकुट ठेवला आणि त्याच्या आदल्या दिवशी, १७ जानेवारीला, ब्लॅक ईगल ऑर्डर सुरू केली. रिबन नारिंगी, कारण त्याची आई हॉलंडच्या ऑरेंज घराण्यातली. एका रिबनच्या रंगात आईचं माहेर सापडतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या संध्याकाळी दुसरं काहीच करू शकले नव्हते.

आता मुख्य गोष्ट, इतकी भारंभार का? कारण जर्मनी हा एक देश नव्हताच. १८७१ मध्ये साम्राज्य झालं तेव्हा त्यात २५ राज्यं होती, ४ राजे (प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग), ६ ग्रँड डची, ५ डची (म्हणजे ड्यूक लोकांची राज्यं), ७ छोटी प्रिन्सांची राज्यं आणि ३ स्वतंत्र शहरं. आपल्याकडची सांगली, मिरज, औंध, फलटण, कोल्हापूर ही संस्थानं डोळ्यासमोर आणा, अगदी तसंच नाही पण अंदाज येतो. आणि एकत्र आल्यावरही सन्मान देण्याचा हक्क ज्याचा त्यानं स्वतःकडेच ठेवला. साम्राज्याची अशी वेगळी ऑर्डर नव्हतीच, कैसरसुद्धा जे द्यायचा ते प्रशियाचा राजा म्हणून द्यायचा. त्यामुळे एखाद्या बव्हेरियन अधिकाऱ्याच्या छातीवर बव्हेरियाचं, प्रशियाचं, शेजारच्या एखाद्या डचीचं असं सगळं एकाच पट्टीत दिसतं आणि त्या पट्टीवरून तो कुठं नोकरीला होता, कुठल्या राजाच्या भेटीत हजर होता हे बऱ्यापैकी सांगता येतं. अपवाद त्या ३ शहरांचा, हाम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक. हे व्यापाऱ्यांचं राज्य, राजाच नाही तर ऑर्डर कुठली, उलट हाम्बुर्गच्या सिनेटरांनी बाहेरच्या राजाचं मानचिन्ह घ्यायचं नाही अशी जुनी रीत होती आणि ती इतकी मुरलेली की आपल्या काळातला चॅन्सेलर हेल्मुट श्मिट, जो हाम्बुर्गचा, त्यानंही जर्मन सरकारचा सर्वोच्च सन्मान याच कारणानं नाकारला. फक्त पहिल्या महायुद्धात या तिन्ही शहरांनी मिळून हान्सियाटिक क्रॉस काढला. लाल मिन्याचा, मधे त्या त्या शहराची खूण. हाम्बुर्गचा किल्ला, ब्रेमेनची किल्ली, ल्युबेकचा गरुड. तीन शहरांचे तीन क्रॉस असा छोटा संच नवीन माणसाला छान जमवता येतो.

दर्जा कसा ओळखायचा? अंगावर कुठं घालायचं त्यावरून. सगळ्यात वरचा दर्जा म्हणजे ग्रँड क्रॉस, त्यात खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा रुंद पट्टा, त्याच्या टोकाला मोठा क्रॉस आणि शिवाय छातीवर चांदीचा तारा. त्याखाली कमांडर, तो गळ्यात घालायचा. त्याखाली नाइट, तो छातीवर छोट्या रिबनला. काही ठिकाणी या पायऱ्यांना नावांऐवजी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा क्लास म्हणतात पण आतला हिशोब तोच. क्रॉसच्या मधून आडव्या तलवारी गेल्या असतील तर तो युद्धातल्या कामगिरीबद्दल, तलवारी नसतील तर बहुधा मुलकी सेवेबद्दल किंवा शांततेच्या काळातला. आणि तलवारी मधे नसून वर कडीजवळ असतील तर त्याचा अर्थ वेगळा, आधी खालचा दर्जा तलवारींसकट मिळाला होता आणि मग वरचा दर्जा बिनतलवारीचा मिळाला, तर आधीच्या तलवारी वाया जाऊ नयेत म्हणून त्या वर चढवल्या. एका छोट्या धातूच्या तुकड्यात माणसाच्या नोकरीतल्या दोन पायऱ्या येतात.

उदाहरणासाठी रेड ईगल ऑर्डरचा चौथा क्लास घ्या. मूळ बायरॉइट या छोट्या जर्मन राज्याच्या दरबारातली १७०५ ची, १७९२ मध्ये प्रशियाकडे आली, आणि चौथा क्लास १८३० मध्ये जोडला. साधा चांदीचा क्रॉस, मिना फक्त मधल्या गोल चकतीवर आणि तिथं लाल गरुड, पांढरी रिबन आणि दोन्ही कडांना नारिंगी पट्टे. प्राध्यापक, पाद्री, मधल्या फळीतले सरकारी अधिकारी, कॅप्टन हुद्द्याचे लोक अशांना हा खूप दिला गेला, त्यामुळे आजही सहज मिळतो. सुरुवात करणाऱ्याला मी हाच सांगते, यात भपका नाही पण राज्य कसं चालायचं ते यात दिसतं.

आणि मग आयर्न क्रॉस. हा नीट बघितलाच पाहिजे.

१० मार्च १८१३ ला ब्रेस्लाऊमध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म यानं हा काढला, नेपोलियनशी लढायचं होतं आणि खजिन्यात खडखडाट होता. तारीख मुद्दाम निवडलेली, त्याची बायको राणी लुइझ १८१० मध्ये वारली होती आणि १० मार्च तिचा वाढदिवस. राजानं स्वतः रेखाटन केलं, वास्तुकार शिंकेलनं ते पक्कं केलं. बायकांनी अंगावरचं सोनं युद्धासाठी दिलं आणि बदल्यात लोखंडी दागिने घातले तो हाच काळ, तेव्हा मानचिन्हही लोखंडाचं असणं त्या दिवसांना शोभलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो हुद्दा न बघता दिला गेला, जनरलला जो क्रॉस तोच साध्या शिपायाला, हे त्या काळात फारच वेगळं होतं. मूळ बेत फक्त त्या एका लढाईपुरता होता, पण १८७० मध्ये पुन्हा काढला, १९१४ मध्ये पुन्हा, आणि १९३९ मध्ये पुन्हा.

माझ्यासमोर आत्ता १९१४ चा सेकंड क्लास आहे. सोनाराचं भिंग लावून बघितलं तर तीन तुकडे दिसतात, मधे काळं केलेलं ओतीव लोखंड आणि पुढून मागून चांदीच्या दोन चौकटी, कडेला एकमेकींना डाख दिलेल्या. चौकटीची आतली कड बारीक मण्यांची. पुढच्या बाजूला वर मुकुट, मधे डब्ल्यू अक्षर म्हणजे विल्हेल्म, खाली १९१४. मागे मधे ओकची पानं, वर मुकुटासह एफडब्ल्यू ही पहिल्या राजाची अक्षरं आणि खाली १८१३. गंमत म्हणजे १८१३ च्या मूळ क्रॉसला पुढची बाजू कोरीच होती, सगळं काम मागे. कोपऱ्यात जिथं दोन चौकटी भेटतात तिथला डाख बघायचा, खऱ्यात तो बारीक आणि स्वच्छ असतो. मग साधं लोहचुंबक, मधल्या भागाला चिकटतं, चांदीच्या काठाला नाही. याला अपवाद आहेत, युद्धाच्या काळातही काही क्रॉस पितळेच्या गाभ्याचे निघाले, म्हणून फक्त चुंबकावर निर्णय घ्यायचा नाही. वरच्या कडीवर बारीक ठसा असतो, बनवणाऱ्याची अक्षरं किंवा ८०० म्हणजे चांदीचा कस, तो शोधायला चांगला उजेड लागतो. सेकंड क्लास पहिल्या महायुद्धात सुमारे ५० लाख दिले गेले आणि फर्स्ट क्लास, जो रिबनशिवाय थेट छातीला पिन करायचा, तो सुमारे २ लाख १८ हजार. इतके दिले म्हणून किंमत कमी, सेकंड क्लास साधारण शंभर युरोच्या आत मिळतो, आणि म्हणूनच शिकायला यासारखी वस्तू नाही.

इथंच माझ्या हातून एक चूक झाली ती सांगते. माझा पहिला आयर्न क्रॉस पांढऱ्या रिबनवर आला होता, कडांना काळे पट्टे. मी तोपर्यंत पुस्तकात सगळीकडे काळी रिबन आणि तिच्यावर पांढरे पट्टे असंच बघितलेलं, मला वाटलं कुणीतरी चुकीची रिबन लावली, म्हणून मी ती काढली आणि बाजारातून काळी आणून लावली, आणि जुनी कुठं गेली ते आठवतही नाही. नंतर कळलं की प्रत्यक्ष लढाईत नसलेल्या लोकांना, म्हणजे युद्धासाठी मागे राहून काम केलेल्यांना, तोच क्रॉस पांढऱ्या रिबनवर दिला जायचा. म्हणजे त्या माणसाबद्दल त्या वस्तूत जी एकमेव माहिती होती ती मीच काढून टाकली. तो क्रॉस अजून माझ्याकडे आहे, आणि ज्याला ज्याला हा छंद सुरू करायचाय त्याला मी हात जोडून सांगते की आली तशी ठेवा, काही बदलू नका, चुकीची वाटली तरी आधी विचारा.

आता पूर ल मेरीत. जर्मन ऑर्डर आणि नाव फ्रेंच, कारण प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिख, ज्याला फ्रेडरिक द ग्रेट म्हणतात, त्याच्या दरबारात फ्रेंचच चालायची. १७४० मध्ये गादीवर आल्याआल्या त्यानं ही काढली, नावाचा अर्थ कर्तबगारीसाठी. गडद निळ्या मिन्याचा आठ टोकांचा क्रॉस, चार हातांच्या मधे सोनेरी गरुड, वरच्या हातावर मुकुट आणि एफ, बाकीच्या तिन्हींवर नावाचे तुकडे. १८१० पासून ती फक्त लष्करी झाली. पहिल्या महायुद्धात ६८७ जणांना मिळाली, विमानं चालवणाऱ्यांमुळे ती जगभर माहीत झाली. जानेवारी १९१६ मध्ये वैमानिक माक्स इमेलमानला मिळाली आणि त्याच्यावरूनच लोक हिला ब्लू मॅक्स म्हणायला लागले असं सांगतात. शेवटचा लष्करी मानकरी १९९८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेला. युद्धाच्या मधोमध, १९१६ च्या शेवटाकडे, सोनं वाचवायला म्हणून क्रॉस सोन्याऐवजी चांदीचा करून वर सोन्याचा मुलामा द्यायला लागले. त्यामुळे कुणी सोन्याचा क्रॉस दाखवून हा १९१८ मध्ये दिलेला मूळ नग आहे असं म्हणालं तर थांबायचं आणि प्रश्न विचारायचे.

याच ऑर्डरची एक दुसरी शाखा आहे जी मला पहिलीपेक्षा जवळची वाटते. १८४२ मध्ये राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म यानं शास्त्र आणि कला यांसाठी वेगळा वर्ग काढला, त्यामागं संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट होता आणि तोच त्या वर्गाचा पहिला चॅन्सेलर, म्हणजे प्रमुख. यात क्रॉस नाहीच, गोल चिन्ह आहे आणि भोवती मुकुटवाली एफ अक्षरं. जर्मन सभासद फक्त ३०, एक गेला की उरलेल्यांनी दुसरा निवडायचा. या वर्गात १८७४ मध्ये माक्स म्युलर आले, ज्यांनी ऋग्वेद छापला आणि त्याच्या मुखपृष्ठावर स्वतःला मोक्षमूलर भट्ट म्हणवलं, शर्मण्य देशात जन्मलेला आणि गोतीर्थ म्हणजे ऑक्सफर्डला राहणारा. लोकमान्य टिळक तुरुंगात असताना त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवणारे आणि त्यांच्या सुटकेसाठी व्हिक्टोरिया राणीकडे गेलेल्या अर्जावर सही करणारे हेच. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले. पुण्यामुंबईत मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की माक्स म्युलरांच्या गळ्यात फ्रेडरिक द ग्रेटच्या ऑर्डरचं चिन्ह होतं. आइनस्टाइन १९२३ मध्ये या वर्गात आले आणि १९३३ मध्ये नाझी आल्यावर बाहेर पडले. लष्करी शाखा १९१८ ला संपली, ही मात्र १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर होइस यांनी पुन्हा उभी केली आणि आजही चालू आहे.

बाजारातली बरीच कोडी सुटतात ती एका नियमानं, तो म्हणजे परत करण्याचा नियम. बऱ्याच ऑर्डर्स मानकऱ्याच्या मालकीच्या नसायच्या. तो वारला, किंवा त्याला वरचा दर्जा मिळाला, की जुनं चिन्ह सरकारला परत द्यायचं, बर्लिनला त्यासाठी वेगळं खातंच होतं. परत आलेला क्रॉस दुरुस्त करून पुढच्याला द्यायचे. याचे दोन परिणाम झाले. एक, मूळ दिलेले नग बाजारात मुळातच कमी. दोन, मानकरी लोक खाजगीत सोनाराकडून स्वतःच्या पैशानं दुसरा नग करून घ्यायचे, रोज वापरायला एक, लहान आकाराचा कोटाला एक, आणि खरा डबीत. हे दुसरे नग खोटे नाहीत, त्याच काळातले, कधीकधी कामात जास्त सुबक. पण मूळ दिलेला आणि खाजगी यांच्या किमतीत मोठा फरक पडतो आणि विकणारा तो फरक सांगेलच असं नाही. बर्लिनचे गोडे आणि वाग्नर, म्युनिकचे हेमर्ले अशा दरबारी सोनारांची नावं आणि ठसे ओळखता यायला लागले की निम्मं काम झालं.

ठशांवरून काळ ठरवायची एक सोपी युक्ती आहे. जर्मनीत १ जानेवारी १८८८ पासून चांदीवर अर्धचंद्र आणि मुकुट, आणि सोन्यावर सूर्य आणि मुकुट असा सरकारी हॉलमार्क सुरू झाला. म्हणजे १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मिळालेला म्हणून कुणी क्रॉस विकत असेल आणि त्यावर चंद्र आणि मुकुट दिसला तर तो १८८८ नंतर बनलेला आहे, मानकऱ्यानं नंतर करवून घेतलेला असेल, पण १८७० मध्ये हातात पडलेला नक्कीच नाही.

मिन्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझे पैसे तिथंच गेले. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड, धातूवर पसरून ७०० ते ८५० अंशांवर भट्टीत भाजलेली. आपल्या दागिन्यांतलं मीनाकाम हीच विद्या. काच ती काच, पडली की टवका उडतो. असा टवका भरायला पुन्हा भट्टीत घालणं धोक्याचं, म्हणून लोक थंड रंग किंवा रेझिन भरतात आणि वरून घासून चकचकीत करतात. मी एका डीलरकडून बव्हेरियाचा मिलिटरी मेरिट ऑर्डर घेतला, चौथा क्लास, तलवारींसकट, निळा मिना अगदी निर्दोष. घरी आल्यावर अंधारात यूव्ही टॉर्च मारला तर एका हाताचं टोक दुधट पांढरं चमकलं आणि बाकी तिन्ही काळीनिळी राहिली. दुरुस्ती केलेली होती आणि मला सांगितलेली नव्हती. भिंगाखाली मग तेही दिसलं की खऱ्या मिन्याखाली धातूवर कोरलेल्या बारीक रेषा दिसत होत्या आणि त्या टोकावर त्या अचानक थांबत होत्या. दुरुस्त केलेला नग घेणं वाईट नाही, पण मग त्याची किंमत तशी हवी. तेव्हापासून यूव्ही टॉर्च माझ्या पर्समध्येच असतो. तो रिबनलाही उपयोगी पडतो, नवीन धाग्यांत आणि डिटर्जंटमध्ये चमक आणणारी रसायनं असतात, ती टॉर्चखाली पेटल्यासारखी दिसतात, जुनं रेशीम मंद राहतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, जुनी रिबन कुणी आजच्या पावडरीनं धुतली असेल तर तीही चमकते.

सरळ बनावट नग ओळखायला कडा आणि खोलगट भाग बघायचे. खरे नग ठशाखाली दाबून केलेले, त्यामुळे अक्षरांच्या कडा तीक्ष्ण. बनावट बहुधा खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेले, त्यामुळे सगळं वापरलेल्या साबणासारखं गुळगुळीत, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं.

वस्तूइतकाच महत्त्वाचा कागद. ब्रिटिश पदकांच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पहिल्या महायुद्धाची पदकं घराघरात असतील, ती हातात घेऊन कड फिरवली तर आजोबा-पणजोबांचं नाव आणि पलटण वाचता येते. जर्मन क्रॉसवर मात्र बहुतेक वेळा काहीच नसतं. कोणाचा हे सांगणारा असतो तो फक्त सोबतचा सनदेचा कागद, म्हणून क्रॉस आणि कागद एकत्र मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. कागद नसेल तर सरकारी दप्तर शोधायचं, पण तिथं नशिबाचा भाग येतो. प्रशियाच्या लष्कराचं दप्तर पॉट्सडॅमला होतं, १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा मोठा भाग जळून गेला. बव्हेरियाचं दप्तर म्युनिकला होतं आणि ते बरंचसं शाबूत आहे. त्यामुळे बव्हेरियन माणसाचा माग लागतो, प्रशियन माणसाचा बहुतेकदा अर्ध्यावर तुटतो. मी बव्हेरियाकडे वळले त्याचं हेच कारण. शिवाय तिथं कधीकधी नावच बोलतं, बव्हेरियाची मिलिटरी माक्स जोसेफ ऑर्डर, १८०६ ची, मिळाली की बव्हेरियन माणसाला सरदारकी आणि नावात रिटर फॉन जोडायचा हक्क मिळायचा. विल्हेल्म लीब १९१५ च्या कामगिरीबद्दल असाच विल्हेल्म रिटर फॉन लीब झाला. सरदारकी फक्त त्याच्यापुरती, मुलांना नाही.

नाझी काळाबद्दल दोन वाक्यं. जर्मनीत स्वस्तिकासह ती मानचिन्हं जाहीरपणे दाखवणं दंड संहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे, अभ्यास आणि संशोधनाला सूट आहे, लिलाववाले कॅटलॉगमध्ये ते झाकून छापतात. १९५७ च्या कायद्यानं नाझी काळातल्या सैनिकांना त्यांची पदकं स्वस्तिक काढून घालायची मुभा दिली, त्यासाठी नवीन नग बनले, आणि १९३९ चा आयर्न क्रॉस मधे ओकची पानं असलेला दिसला तर तो हा ५७ चा. मी यातलं काही घेत नाही. जे चिन्ह माझी आई दारात रांगोळीत काढते ते त्या लोकांनी कशासाठी वापरलं हे मी म्युनिकजवळच्या डाखाऊला, नाझींच्या छळछावणीत, जाऊन बघितलंय, आणि मला ते माझ्या कपाटात नकोय.

आता राहिला जपायचा भाग. हे मी डोंबिवलीला परत आल्यावर शिकले, कारण म्युनिकमध्ये जे आपोआप टिकतं ते इथल्या पावसाळ्यात टिकत नाही. लोखंडी गाभा दमट हवेत गंजतो आणि गंज आतून चांदीची चौकट ढकलायला लागतो, डाख सुटतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि जूनच्या आधी एकदा, गणपतीच्या आसपास एकदा बदलायच्या. नाण्यांसाठी मिळतात त्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवायचं नाही, त्यातनं चिकट हिरवट थर सुटतो आणि तो धातू खातो. चांदी काळी पडली तर पडू द्यायची, पॉलिशनं कधीही घासायची नाही, बारीक काम कायमचं जातं आणि जाणकार माणूस घासलेला नग लांबूनच ओळखतो. रेशमी रिबनला कसर लागते आणि उन्हात रंग उडतो, म्हणून अंधारात, आम्ल नसलेल्या कागदात सैल गुंडाळून ठेवायची, घडी घालायची नाही. डबी, कागद, रिबन, क्रॉस हे सगळं एकाच ठिकाणी, आणि सोबत एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायचं की हे कुठून आलं, कधी आलं आणि आलं तेव्हा कुठल्या रिबनवर होतं.